समोरचा हॅकरच असतो

ऑनलाइन खेळात कुणी हरलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. नेट गेलेलं असतं, फोन तापलेला असतो, आईने नेमकी त्याच वेळी हाक मारलेली असते. आणि यातलं काहीच झालेलं नसेल, तर समोरचा हॅकर असतो. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण झाली त्या काळी अंगणाला रिपोर्ट करायची सोय नव्हती. आता आहे. बटण दाबलं की अंगणाची चौकशी सुरू.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात टीव्ही सेंटरच्या आसपास संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर ही चौकशी उघड्यावर चालते. चार पोरं, चार फोन आणि दोन कटिंग. चौघांची टीम बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीच्या भारतीय अवतारात, नुकतीच मारली गेलेली असते. मेल्यावर हा खेळ तुम्हाला तुमचंच मरण मारणाऱ्याच्या नजरेतून पुन्हा दाखवतो. ही सोय अजून यमालाही देता आलेली नाही. चारही डोकी एका स्क्रीनवर वाकतात आणि पंचनामा सुरू होतो.

“थांब, मागं घे. इथं. झाडामागं होतो ना मी?”

“होतास.”

“दिसत होतो का?”

“बूड दिसत होतं.”

“बुडावरून हेडशॉट बसतो का?”

“हौ मियां, ये पक्का हॅकर है,” तिसरा निकाल देतो. शहरातले गंभीर निकाल निम्मे मराठीत, निम्मे दखनीत लागतात. चौथा जरा विचारी असतो. तो हळूच म्हणतो, “चांगला खेळत असंल ना बे तो.” बाकीचे तिघं त्याच्याकडे असं बघतात की चहाचे पैसे त्यालाच द्यावे लागतात.

हे फक्त पोरांचं आहे असं समजू नका. लॉकडाउनमध्ये घरोघरी ‘लुडो किंग’ चालला होता. नवी मुंबईतल्या कंपनीने केलेला हा खेळ. त्यात रस्त्यावर कुणी मरत नाही, सोंगट्याच मरतात. तरी आमच्या बिल्डिंगमधल्या यच्चयावत काकूंचं मत होतं की फासा विकला गेलेला आहे. ‘मला सहा पडतच नाही हो, तिला बरोबर पडतात.’ भोपाळला तर २०२० मध्ये चोवीस वर्षांची एक मुलगी थेट कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकाकडे गेली. तक्रार अशी की वडिलांनी लुडोत फसवलं, माझी सोंगटी मारली, आता त्यांच्याबद्दल आदर उरला नाही. शाळेची फी, आजारपणातली जागरणं, सायकल शिकवताना धरलेला कॅरिअर, सगळं एका सोंगटीपायी वजा.

या कट्टा-न्यायालयांचे निकाल बहुतेक वेळा चुकतात, असं माझं मत आहे. समोरचा पोरगा नांदेडचा किंवा नाशिकचा असतो, त्याने बारावीचं अख्खं वर्ष या खेळाला वाहिलेलं असतं, आणि बोर्डाला ते दिसलं नाही तरी त्याच्या नेमात दिसतं. पण कधीकधी निकाल बरोबरही निघतो, ही यातली खरी अडचण. हॅकर असतात. भरपूर असतात. ‘ईएसपी’ लावलं की भिंतीपलीकडची माणसं चौकटीत दिसतात, नावासकट, अंतरासकट. ‘एमबॉट’ लावला की बंदूक आपणहून समोरच्याच्या डोक्याकडे वळते. ‘मॅजिक बुलेट’मध्ये गोळी उत्तरेला झाडायची, मरतो दक्षिणेचा. आणि स्पीड हॅकवाला पळायला लागला की जालना रोडवरची शेअर रिक्षा वारीला निघाल्यासारखी वाटते.

हे सगळं विकत मिळतं. टेलिग्रामवर चॅनल असतात; एक दिवसाची, आठवड्याची, महिन्याची अशी ‘की’ मिळते. २०२१ मध्ये चीनमध्ये कुनशानच्या पोलिसांनी टेन्सेंट कंपनीच्या मदतीने अशी एक टोळी धरली. तिच्या धंद्याचं नाव ‘चिकन ड्रमस्टिक’. दिवसाला दहा डॉलर, महिन्याला दोनशेपर्यंत असा भाव, आणि जप्त झालेली मालमत्ता, आलिशान गाड्यांसकट, सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरची. या खेळात जिंकणाऱ्याला ‘चिकन डिनर’ मिळतो असं म्हणतात. तो नुसता स्क्रीनवर मिळतो. तंगडी कोण खात होतं ते कुनशानच्या पोलिसांना कळलं.

आमच्या भागातल्या एका मुलानेही यूपीआयवर पैसे पाठवून अशी की मागवली. पैसे गेले, की आली नाही, विकणाऱ्याने याला ब्लॉक केलं. तक्रार करायची तर लिहायचं काय, यावर त्याच्या मित्रमंडळींत रात्री उशिरापर्यंत खल झाला. ‘लोकांना फसवण्यासाठी मी पैसे दिले असता माझी फसवणूक झाली’ हे वाक्य व्याकरणात बसत होतं, पण ठाणे अंमलदारापुढे उच्चारायला चौघांतला एकही तयार होईना.

मग कंपन्या हे बंद का करत नाहीत? त्यांच्याकडे पैसा आहे, हुशार माणसं आहेत, बाकी सगळं त्यांना आपल्याबद्दल माहीत असतं. मी एका इंजिनिअर भाच्याकडून हे समजून घेतलं. त्याने सांगितलेलं सगळं मला कळलं, यावरून त्याने बरंच गाळलं असणार.

खेळाचा हिशेब दोन ठिकाणी चालतो, कंपनीच्या सर्व्हरवर आणि तुमच्या फोनवर. शंभर माणसं कुठे कुठे दडलीत हे सर्व्हरला ठाऊक असतं. ती वेळेवर दिसावीत म्हणून त्यातली बरीच खबर तो फोनला आधीच देऊन ठेवतो. शत्रू भिंतीमागून बाहेर आला आणि मग फोनने सर्व्हरला विचारलं की ‘हा कोण?’, तर उत्तर येईपर्यंत तुमच्या मरणाचा रिप्ले सुरू झालेला असेल. प्रश्न जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो त्याला ‘पिंग’ म्हणतात. तो मिलिसेकंदात मोजतात. वीस-तीस असला की माणूस स्वतःला शूर समजतो, दोनशे झाला की दुसऱ्याला हॅकर. तेव्हा उत्तरं आधी पाठवणं आलंच. म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्तरं पाकिटात घालून पोराच्या दप्तरात ठेवायची आणि बजावायचं, ‘बाळा, उद्या अकरा वाजता उघड हं.’ ईएसपी नावाची विद्या याहून जास्त काही करत नाही. ती पाकीट आदल्या रात्री उघडते.

यावर उपाय निघाले नाहीत असं नाही. ‘व्हॅलोरंट’ हा खेळ २०२० मध्ये आला तेव्हा त्याच्या कंपनीने ठरवलं की शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याचा ठावठिकाणा पाठवायचाच नाही. पाकीटच द्यायचं नाही. छान. पण नेम धरून देणाऱ्या सॉफ्टवेअरला पाकीट लागतंच कुठे? त्याला समोर जे दिसतं तेवढं पुरतं. म्हणून त्याच कंपनीने ‘व्हॅनगार्ड’ नावाचा रखवालदार नेमला. तो तुम्ही खेळ उघडायची वाट बघत नाही; संगणक सुरू झाला की तुमच्याआधी तो जागा. सुरुवातीला त्याने काही जणांच्या संगणकातली तापमान आणि पंखे सांभाळणारी सॉफ्टवेअरसुद्धा संशयावरून अडवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्यासी गरम होऊन बंद पडायची भीती होती.

चोरही मग संगणकाच्या बाहेर पडले. एका संगणकावर खेळायचं आणि त्याची मेमरी आत बसवलेल्या कार्डातून दुसऱ्या संगणकावर वाचायची. रखवालदार पहिल्या घरात, चोर शेजारच्या. काहींनी तर पडद्याकडे बघून माउस हलवणारी कृत्रिम बुद्धी बसवली. आणि २०२४ च्या जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात एका नामांकित कंपनीने असा मॉनिटरच मांडला, जो खेळातला छोटा नकाशा स्वतः वाचतो आणि शत्रू कुठून येतोय ते कडेला दाखवतो. कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणतो. इथे कुंपण विकतानाच ‘शेत खाण्याची सोय उपलब्ध’ असं खोक्यावर छापायचं बाकी होतं.

असले रखवालदार बनवणाऱ्या इंजिनिअरांची एक सहल आमच्या देवगिरीवर आणावी असं मला फार वाटतं. शहरापासून पंधराएक किलोमीटर. दरवाजे एका रेषेत नाहीत, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये. दरवाजांवर अणकुचीदार खिळे. खंदक. डोंगराचा कडा तासून असा उभा केलेला की घोरपडीनेही विचार करावा. आणि या सगळ्यातून आत आलाच कुणी, तर ‘अंधारी’: वळणावळणांची काळीकुट्ट भुयारी वाट, जिथे आपल्याच माणसाच्या अंगावर आपण जाऊन पडावं. यातली तटबंदी पुढच्या राजवटी वाढवत गेल्या, पण गडाचा दरारा यादवांच्या काळापासूनचा. आणि एवढं असून १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा काय झालं? धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती मिठाची निघाली, अशी हकिकत जुन्या तवारिखांच्या आधाराने आजवर सांगितली जाते. कडा चढायची गरजच पडली नाही. गडावर काय चढवलंय ते कड्याला कळत नसतं, आणि खिशातल्या फोनमध्ये काय चढवलंय ते कंपनीला पुरतं कळत नसतं.

(शकुनीला या लेखात मी मुद्दाम बोलावलेलं नाही. फाशांचा विषय निघाला की त्याला दरवेळी उभं करतात. दमला असेल.)

पकडलेल्यांना शिक्षा काय, हे मोठं रंजक प्रकरण आहे. पबजीवर भारतात २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय म्हणून आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. पोरं अजून त्याला पबजीच म्हणतात. नवं नाव पाटीवर आणि जुनं तोंडात, याची आमच्या शहराला सवय आहे. तर पबजी मोबाइलने हॅकरांना दहा वर्षांची बंदी घालायची पद्धत पाडली. सोळा वर्षांचा पोरगा आत गेला तर सुटेपर्यंत तो इंजिनिअर होऊन, पुण्याला जाऊन, स्पर्धा परीक्षेचे सगळे प्रयत्न संपवून पुन्हा घरी आलेला असतो. तेव्हा त्याला खेळायला खरोखरच वेळ असतो. बीजीएमआयने २०२१ च्या डिसेंबरात आणखी पुढचं जाहीर केलं: नुसतं खातं नाही, फोनच कायमचा बाद. याचा परिणाम असा की पैठण गेटच्या बाजारात जुना फोन घेताना ‘बॅटरी किती टिकते’ याच्याआधी ‘पबजी चालतो ना?’ विचारलं जातं. फोनचीही आता चारित्र्य पडताळणी.

पण मला मनापासून आवडल्या त्या शिक्षा वेगळ्या. ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाल्यांनी हॅकरला हाकलण्याऐवजी छळायचं ठरवलं. त्याला प्रामाणिक खेळाडू दिसेनासेच होतात; गोळ्या मात्र लागत राहतात. कधी त्याच्या हातातली बंदूक गायब होते. कधी फक्त त्यालाच दिसणारी खोटी माणसं समोर पळतात आणि तो बिचारा हवेवर नेम धरत बसतो. आणि विमानातून उडी मारली की पॅराशूट उघडत नाही. ‘फॉल गाइज’ने २०२० मध्ये हॅकरांसाठी वेगळं बेटच केलं होतं, खेळा आपापसात. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, ‘टायटनफॉल’ने हाच प्रयोग केला: सगळे नेमबाज यंत्राने नेम धरणारे, कुणाचाच चुकत नाही. आणि ‘डोटा’च्या कंपनीने २०२३ च्या फेब्रुवारीत जो सापळा लावला त्याला तोड नाही. खेळाच्या पोटात अशी माहिती ठेवली की साध्या खेळाडूचा तिच्याशी कधी संबंधच येऊ नये. ती वाचली म्हणजे तुम्ही चोर. चाळीस हजारांवर खाती एका फटक्यात बाद झाली. आमच्या लहानपणी गुळाच्या डब्यावर आजी पिठाची बोटभर रेघ ओढून ठेवत असे. तिला कुणी सायबर सुरक्षेतली तज्ज्ञ म्हटलं नाही.

तरी हे सगळं करून संपत नाहीच. चाळीस हजार गेले, त्यांनी दुसऱ्या ईमेलवरून चाळीस हजार खाती उघडली असणार. कायदा करून बघा म्हणाल, तर दक्षिण कोरियाने तेही केलंय. खेळात फसवणारी सॉफ्टवेअर बनवली, विकली तर तिथे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद, ई-स्पोर्ट्सला मान्यता. त्याच्या महिनाभर आधी आपले तेव्हाचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला होता. ते म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. या राज्यात खेळाडूची कदर होत नाही असं आता कुणी म्हणू नये.

माझं म्हणणं साधं आहे. पंच खेळणाऱ्याच्याच खिशात बसवला, की फसवणूक थांबायची नाही. पंच मागे उभा असेल, त्याला डोळे असतील आणि तो तुमच्या बापाला ओळखत असेल, तर ती अगदीच बंद होत नाही, पण अंग चोरून बसते.

याचा पुरावा या शहरात वीस वर्षांपूर्वी तासाच्या भावाने मिळत होता. औरंगपुरा, निराला बाजार, सिडकोतलं कॅनॉट प्लेस, सगळीकडे सायबर कॅफे होते. प्लायवूडची पार्टिशनं, काळ्या पडलेल्या कळफलकांची रांग, वर फिरतो की नाही अशी शंका यावी असा पंखा, आणि ‘काउंटर-स्ट्राइक’. तेव्हा फसवायचं म्हणजे मान लांब करून शेजाऱ्याच्या स्क्रीनवर डोकवायचं, तो कुठे लपलाय बघायचं. इतकंच. आणि त्यावर टपली बसायची, खरी, मानेवर, ताबडतोब. अपील नाही, ईमेल नाही, चोवीस तासांत आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल नाही.

शांघायला २०१८ च्या ऑक्टोबरात हेच झालं, जरा मोठ्या पंख्याखाली. आशियातली मोठी स्पर्धा, काउंटर-स्ट्राइकचीच नवी आवृत्ती, आणि ऑप्टिक इंडिया हा आपला भारतीय संघ. आपल्या एका खेळाडूचा नेम संशय यावा इतका चांगला लागायला लागला. पंच त्याच्या संगणकापाशी येऊन उभे राहिले. त्यांना संगणक बघायचा होता आणि याला काहीतरी पुसायची घाई झाली होती. नेम धरून देणारं ते सॉफ्टवेअर त्याने कोणत्या नावाने दडवलं होतं? ‘वर्ड’. सरकारी कचेरीत, बँकेत, साहेब मागे आला की पत्ते झाकून वर्ड उघडणारी आपली परंपरा. या पठ्ठ्याने वर्डच्या आडून खेळ मांडला. संघ स्पर्धेतून बाद, भारतातला संघच बरखास्त, आणि त्याच्यावर पाच वर्षांची बंदी. त्याला धरलं ते खांद्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी.

आणि फसवण्याच्या कल्पकतेत आम्ही शांघायला हार जाणारे नाही. २०१७ च्या मे महिन्यात आमच्या सुरेवाडीत एका नगरसेवकाच्या घरावर पोलिसांनी छापा घातला, तर आत दोन डझनांहून जास्त अभियांत्रिकीचे विद्यार्थी शांतपणे पेपर लिहीत बसलेले. परीक्षा होऊन गेली होती. पेपर केंद्रावर कोरे सोडायचे आणि मग उत्तरपत्रिका बाहेर आणून पुस्तकं उघडून निवांत लिहायच्या, असा बेत. सामना संपल्यावर मैदानात परत येऊन गोल मारायची ही सोय जगातल्या कुठल्याही हॅकरला अजून साधलेली नाही. विषय होता इमारत बांधकामाशी संबंधित. मी त्यानंतर नव्या इमारतीत शिरताना एकदा वर बघतो.

सुरेवाडीतले पेपर कोणत्याच सॉफ्टवेअरने पकडले नाहीत. दार वाजवणारी माणसं लागली. बोर्डालाही हे ठाऊक आहे. कॉपीमुक्त अभियानात ड्रोन उडवायची भाषा झाली तरी भरारी पथकाची जीप फाटकात वळताना येणारा आवाज जे काम करतो, ते ड्रोनच्या बापाला जमणार नाही.

माणूस हरण्याला इतका का घाबरतो, हे मला विश्वनाथन आनंदच्या त्या डावावरून थोडंफार कळलं. १३ जून २०२१. कोविडसाठी निधी गोळा करायचा म्हणून आनंद काही नामवंतांशी एकाच वेळी ऑनलाइन बुद्धिबळ खेळला. आमिर खान खेळला आणि रीतसर हरला. हरण्यात काही कमीपणा नव्हता, आनंदशी हरलेल्यांची यादी ही बुद्धिबळातली मानाची यादी आहे. पण झिरोधा कंपनीचे निखिल कामत जिंकले. पाच वेळच्या जगज्जेत्यावर. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कबूल केलं की जाणकार माणसांची आणि संगणकाची मदत होती. आनंद एवढंच म्हणाला की मी पटावर जे होतं ते खेळलो. इथे बक्षीस नव्हतं, कप नव्हता, हरले असते तर कौतुकच झालं असतं. तरी मोह सुटला नाही. अब्जाधीशाला आवरत नाही तिथे टीव्ही सेंटरच्या पोराला दोष काय द्यायचा, त्याला तर हरल्यावर चहाही पाजावा लागतो.

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने बीजीएमआयची स्पर्धा ठेवली. फ्लेक्स लागला; वर नेत्यांचे फोटो, खाली बाप्पा, मध्ये हेल्मेट घातलेला बंदूकधारी आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत नियम: हॅकर आढळल्यास टीम बाद, शिवीगाळ केल्यास टीम बाद, आयोजकांचा निर्णय अंतिम. मुख्य अट अशी की घरी बसून खेळायचं नाही. सगळ्यांनी मांडवात, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, समोरासमोर. आणि पंच म्हणून नानांना बसवलं. नाना एसटीत कंडक्टर होते. बीजीएमआय हे एखाद्या बँकेचं नाव असावं अशी त्यांची समजूत. पण फुकट्या प्रवासी ओळखण्यात उभी नोकरी गेलेली.

नाना हात मागे बांधून खुर्च्यांमागून फिरू लागले. स्क्रीनकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते माना बघत होते. एका पोरामागे थांबले.

“घाम का आला रे?”

“गरम होतंय नाना.”

“शेजारच्याला नाही होत. हरतोयस का?”

“नाही, जिंकतोय.”

“मग फोन पोटाशी कशाला धरलास? दाखव.”

“नुसतं ग्राफिक्सचं टूल आहे नाना. चित्र चांगलं दिसतं.”

“चांगलं दिसतंय तर सगळ्यांनाच दाखव की.”

पोरगा फोन घेऊन उठला तो थेट आरतीलाच दिसला. त्यानंतर मांडवात कुणाला घाम आला नाही. उपांत्य फेरीपर्यंत एकही तक्रार नाही. मंडळाचे कार्यकर्ते नानांना जागतिक पातळीवर न्यायच्या गोष्टी करू लागले.

आणि मग पिंग निघाला. वायफाय मंडळाने दिलं होतं, म्हणजे खजिनदारांच्या घरातून वायर ओढून राउटर मांडवाच्या एका खांबाला बांधला होता. त्या खांबाखाली कोण बसलं होतं? खजिनदारांचा पोरगा आणि त्याची टीम. त्यांचा पिंग पंचवीस. पलीकडच्या टोकाला, डीजेच्या भोंग्याशेजारी बसलेल्यांचा एकशे ऐंशी.

“नाना, हे हॅकिंगच आहे!”

“कसलं हॅकिंग? आधी आलो, जागा धरली.”

“राउटर कुणाच्या घरचा?”

“आमच्या. मग? बिल तू भरतोस?”

नानांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि मांडववाल्याकडून टेप मागवली. राउटर बरोबर मधोमध हवा. मधोमध मूर्ती. मुकुटावर ठेवू का विचारणाऱ्याला गुरुजींनी नजरेनेच खाली बसवलं. शेवटी मूर्तीमागे मखराला सुतळीने राउटर लटकवला आणि सगळ्यांचा पिंग सारखा झाला, म्हणजे सगळ्यांचाच दीडशे. फायनल झाली. जिंकला खजिनदारांचाच पोरगा.

हरलेली टीम स्टेजजवळ गोळा झाली. “राउटरचा पासवर्ड याच्या बापाकडेच होता,” एकाने मुद्दा काढला, “आतून स्पीड वाढवली असणार.”

नानांनी डोक्यावरची टोपी काढली. “पुढच्या वर्षी कॅरम ठेवू,” ते म्हणाले.

“ठेवा,” मागून आवाज आला, “पण पावडर कुणाच्या दुकानातून आणणार, ते आत्ताच सांगा.”